सरुबाईची शुक्रवारची हाक

आमची खोली आणि सरुबाईची खोली यांच्यात एकच भिंत, तीही एका विटेची. इकडे मी खोकले की तिकडून नथूभाऊ "पाणी प्या" म्हणायचा. त्यामुळे त्या दिवशीचं त्यांचं भांडण ऐकायला मला भिंतीला कान लावावा लागला नाही. लागला असता तर लावलाही असता, ते वेगळं.

जुनी गोष्ट आहे. सिल्वासाजवळच्या सायलीत तेव्हा एवढ्या कंपन्या नव्हत्या आणि आमच्या चाळीला सगळ्यांत मिळून एकच नळ होता. नथूभाऊ कंपनीतली पहिली पाळी करून घरी आला होता आणि नळावर सकाळी काय झालं ते त्याला रस्त्यातच कोणीतरी सांगितलं होतं.

"दमणगंगेत बुडी मारून आलीस त्याला महिना झाला नाही," नथूभाऊ म्हणाला, "आणि आज लोकांच्या नवऱ्यांचा उद्धार?"

"तिनं माझा हंडा मागे सारला."

"हंडा सारला म्हणून तिचा नवरा कुठल्या गटारीत पडला होता ते सगळ्या चाळीला सांगायचं?"

"खोटं सांगितलं का मी?"

"खरं सांगितलंस म्हणून तर ती रडली ना बाई! खोट्याला माणूस भांडतं, खऱ्याला काय करणार? पाळकांनी तुला पाण्यात घातलं तेव्हा तू तोंड वर काढून ठेवलं असणार. सगळी बाई भिजली, जीभ तेवढी कोरडी राहिली."

मग एक ताट आपटल्याचा आवाज आला.

"मी भिजले तरी! तू तर अजून काठावरच उभा आहेस!"

ते मात्र खरं होतं. नथूभाऊने बाप्तिस्मा घ्यायला आणखी पुष्कळ दिवस लावले. म्हणायचा, घरातलं एक माणूस सुधारलं की बघू.

आम्ही सगळे नवापूरकडचे. गावाकडे नागली आणि भात व्हायचा, पण घरात माणसं वाढली तशी जमीन पुरेना, म्हणून सिल्वासाला कंपन्यांत आलो. गावाकडून येताना भांडी आणली, तसा प्रभूही बरोबर आणला. सायलीतल्या चाळींमध्ये आमची ख्रिस्ती मंडळी आहे. रविवारी पत्र्याच्या शेडमध्ये उपासना, आणि शुक्रवारी संध्याकाळी सातला कोणाच्या तरी घरी घरसभा. आज ह्याच्याकडे, पुढच्या शुक्रवारी त्याच्याकडे. कोणाकडे आहे ते दारोदार जाऊन सांगायचं काम सरुबाईचं. आता मोबाईलवर मंडळीचा ग्रुप आहे, पण आमच्याकडे फोन नवऱ्याच्या खिशात आणि नवरा पाळीला. बायकांना हाकच लागते. सरुबाई हाक मारायची ती दोन गल्ल्या ऐकायची. सभा कुठे आहे ते आमच्याबरोबर दुकानवाल्या मारवाड्यालाही पाठ असायचं.

ताट आपटलं खरं, पण नवऱ्याचं बोलणं तिला लागलं होतं. तिने नळावरचं भांडण सोडलं. मी हे डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते, नाहीतर माझा विश्वास बसला नसता. कोणी हंडा सारला की ती ओठ घट्ट मिटायची आणि गळ्याची शीर अशी फुगायची की मला वाटायचं, आज ही फुटते. पण नाही बोलायची. शिवी गेली, टोमणा गेला. पण सरुबाईच्या तोंडात बोलणं तर देवाने भरूनच पाठवलेलं. ते कुठेतरी निघणार. ते निघालं प्रार्थनेत.

काय प्रार्थना करायची ती! आमचे पाळक सुकदेवभाऊ आठवडाभर धाग्याच्या कंपनीत काम करतात आणि रविवारी उपदेश करतात. भला माणूस, पण उपदेश करताना अर्ध्या मंडळीला झोप लागते. सरुबाई प्रार्थनेला उभी राहिली की झोपलेले जागे व्हायचे. "हे बापा, पलीकडच्या खोलीतल्या आमच्या बहिणीकडे बघ, तिची सासू तिला जेवू देत नाही." "हे बापा, तुझ्या लेकीच्या पोटातल्या गाठीला हात लाव." ऐकता ऐकता बायकांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. दुखलं खुपलं की लोक आधी तिच्याकडे जायचे. मावशी, माझ्यासाठी प्रार्थना करा. आम्हाला वाटायचं, जीभ भिजली एकदाची.

त्यातून कोणाच्या घरात काय चाललंय हे सगळ्यांना कळायचं, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही. किंवा आलं असेल, आणि बरं वाटलं असेल.

कोरोना संपून कंपन्या पुन्हा धड चालू झाल्या होत्या तेव्हाची गोष्ट. आमच्या रांगेतल्या शेवटच्या खोलीत मनीषा आणि नवनाथ राहायचे. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. मनीषा शिवणकामाच्या कंपनीत जायची. नवनाथ ठेकेदाराकडून एका प्लास्टिकच्या कंपनीत लागला होता. पोरगा शांत, थोडा मानी. रस्त्यात भेटला की मान खाली घालून, आमच्या मंडळीत म्हणतात तसं "सलाम आजी" म्हणायचा आणि पुढे जायचा. रविवारी इस्त्रीचा शर्ट.

ठेकेदाराने त्याला ब्रेक दिला. आमच्याकडे सगळ्यांना हा शब्द माहीत आहे. थोडे दिवस घरी बस म्हणतात, मग बोलावतात. त्याला बोलावलं नाही. पण नवनाथने ते कोणाला सांगितलं नाही. रोज सकाळी डबा घेऊन, गळ्यात कंपनीचं कार्ड अडकवून निघायचा, नदीच्या पुलाखाली जाऊन बसायचा आणि पाळी सुटायच्या वेळेला घरी यायचा. एक दिवस मनीषाने त्याची पँट धुवायला घेतली तर खिशात नदीची वाळू. तिने विचारलं तेव्हा तो रडला, आणि म्हणाला, कोणाला सांगू नको, मला दुसरं काम मिळू दे.

तिच्या पोटात ते राहीना. आई गावाला. ती सरुबाईकडे आली. भिंत एका विटेची आहे हे मी आधी सांगितलंच आहे.

"मावशी, फक्त तुम्हाला सांगते. तुमच्यात आणि प्रभूतच राहू द्या."

"अगं वेडे, दुसऱ्या कोणाला सांगणार मी? नळावर बोलायचं मी कधीच सोडलं."

त्या शुक्रवारी सभा आमच्याच खोलीत होती. बायका आत, पुरुष दाराजवळ, चपलांचा ढीग बाहेर. नवनाथ दाराच्या चौकटीला टेकून बसला होता. गाणं झालं, सुकदेवभाऊंचं बोलणं झालं, आणि ते म्हणाले, "सरुबाई, प्रार्थना करा." सगळ्यांनी डोळे मिटले.

मी एक डोळा उघडा ठेवून प्रार्थना करते. वाईट सवय आहे. चुलीवर दूध ठेवून प्रार्थना करायची सवय लागली ती गेलीच नाही.

सरुबाईने सुरुवात चांगली केली. आजाऱ्यांसाठी मागितलं, प्रवासातल्यांसाठी मागितलं. मग तिचा आवाज भिजला, तसा तो भिजला की बायका सावरून बसायच्या. "हे बापा, आमच्या नवनाथकडे बघ. तुझ्या लेकराचं काम गेलं. रोज डबा घेऊन निघतो आणि पुलाखाली बसून परत येतो. बायकोच्या कमाईचं खाताना त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. त्याची लाज तू झाकून घे, बापा..."

झाक म्हणून सांगत होती, आणि सगळ्यांसमोर उघडी करत होती.

मी उघड्या डोळ्याने बघत होते. नवनाथने डोळे उघडले. त्याने कोणाकडे बघितलं नाही. मांडीवरचे हात तसेच जोडलेले होते, ते त्याने सोडले, आणि तो उठून बाहेर गेला. चपला शोधायला थांबला नाही. कोणाच्या तरी चपला घालून गेला. मनीषा बायकांमध्ये बसली होती. तिचे डोळे मिटलेलेच होते, पण पदर तोंडावर होता.

"आमेन," सरुबाई म्हणाली. "आमेन," आम्ही सगळे म्हणालो. मोठ्याने म्हणालो.

डोळे उघडले तर चौकटीजवळची जागा रिकामी.

त्या रात्री नवनाथ घरी आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. फोन बंद. गावाला विचारलं, तिथे नाही. मनीषा पोलिसांकडे गेली तर ते म्हणाले, भांडण झालं असेल, येईल. सुकदेवभाऊ मोटारसायकलवर नदीच्या काठाकाठाने फिरून आले. कशाला फिरले ते त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

सरुबाई पहिल्याच दिवशी मनीषाच्या दारात गेली होती. जाऊ नको म्हणून मी सांगितलं, पण तिचा स्वभाव असा, की तुटलं ते बोलून जोडायचं.

"मनीषा, अगं मी प्रार्थनाच केली ना गं. वाईट मनाने नाही बोलले. तुझ्या भल्यासाठीच..."

मनीषा दारात उभी होती. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू बोलली.

"मावशी, तुम्ही नळावर बोलला असतात तर मी भांडले असते. झिंज्या धरल्या असत्या तुमच्या. तुम्ही देवाला सांगितलंत. आता मी कुठे जाऊन भांडू?"

आणि दार लावून घेतलं.

नळ आता प्रत्येक गल्लीला आहे, पण जुन्या नळावर अजून गर्दी असते. तिथे आमची अलका असते. ती धुळ्याकडची, गणपती बसवते, मनाने मोकळी आणि तोंडाने त्याहून मोकळी. सगळ्यांदेखत ती सरुबाईला म्हणाली, "काय मावशी, तुमच्या लोकांचं बरं असतं. आम्ही चहाडी करतो तर पाप लागतं. तुम्ही डोळे मिटून करता, वर आमेन म्हणता."

बायका हसल्या. मीही तिथेच होते, माझा हंडा भरत होता. मला अलकाचा राग यायला हवा होता. आला नाही. आपल्याच घरातली घाण शेजारणीने काडीने उचलून दाखवावी, तसं वाटलं. मान वर करवेना.

सरुबाईचा हंडा अर्धाच भरला होता, तो उचलून निघून गेली. रस्ताभर पाणी सांडत गेलं.

तेव्हापासून ती गप्प झाली. नुसती सभेत नाही, घरीसुद्धा. भिंतीपलीकडून भांड्यांचा आवाज यायचा, माणसाचा नाही. एकदा नथूभाऊ चिडला, "अगं काहीतरी बोल की! शिवी दे, पण बोल. घर आहे का दवाखाना?"  मग तिचा आवाज आला, अगदी बारीक.

"तू म्हणाला होतास ते खरं होतं. जीभ कोरडीच राहिली."

"कधी म्हणालो होतो?"

त्याला आठवतही नव्हतं. ती मात्र इतकी वर्षं ते बाळगून होती.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. भाकरीचं ताट आणि द्राक्षरसाचे पेले हातातून हातात पुढे जातात. ज्याचं कोणाशी वाकडं असेल त्याने आधी जाऊन ते सरळ करायचं, मग घ्यायचं, असा आमच्यात नेम आहे. आता खरं सांगायचं तर सगळेच घेतात. वाकडं कोणाचं नसतं? सरुबाईने ताट घेतलं नाही. हाताने पुढे सारलं. दुसऱ्या महिन्यातही सारलं. मंडळीत कुजबूज झाली, कारण ताट सारणारं माणूस आमच्यात लपत नाही.

सुकदेवभाऊ तिच्या खोलीवर आले. चहा झाला. ते म्हणाले, "शुक्रवारी हाक मारायला आला नाहीत. अर्धी माणसं आली नाहीत."

"दुसरीला सांगा."

"दुसरीला घरं माहीत नाहीत. कोण कुठल्या पाळीला, कोणाचं लेकरू झोपलेलं असतं, हे तुम्हालाच माहीत."

"भाऊ, माझं तोंड नको आता देवाच्या कामाला. मी मुकीच बरी."

सुकदेवभाऊंना बोलायला फार सुचत नाही. त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "मी तुम्हाला प्रार्थना करा म्हणत नाही. कुठे आणि किती वाजता, एवढंच सांगून या. त्याच्यापुढे एक शब्द नको. एवढं जमेल?"

तिने त्यांचा कप उचलला. मग म्हणाली, "मनीषाच्या दारी पण?"

"ती मंडळीतली आहे ना?"

त्या शुक्रवारपासून सरुबाई पुन्हा निघाली. पण कशी? पदराचं टोक दातात धरून. एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत दातात पदर, दाराशी आली की पदर सोडायचा, सांगायचं, पुन्हा दातात. पोरं तिच्यामागून ओढणीची टोकं चावत चालायची. बायका मुद्दाम थांबवायच्या, "अगं मावशी, त्या मनीषाच्या नवऱ्याचं काही कळलं का?" ती मानेनेच "नाही" म्हणायची. आणि हाक आता दोन गल्ल्या जात नव्हती. ज्याच्या दाराशी उभी त्यालाच ऐकू येईल एवढीच.

मनीषाचं दार बंद असायचं. तिथे उभी राहून ती म्हणायची, "आज सुकदेवभाऊंकडे, सातला." दार उघडायचं नाही. सरुबाई थांबायची नाही, दुसऱ्यांदा हाक मारायची नाही, माफीचा शब्द बोलायची नाही. मला ते बघवायचं नाही. मी एकदा म्हटलं, "ती आत असते गं. दोन शब्द बोल तिच्याशी." तिने पदर सोडला. "अक्का, माझे दोन शब्द कसे असतात ते पाहिलंस ना तू?" आणि पदर पुन्हा दातात.

पावसाळा सरता सरता ती दुधनीला गेली. तिची भाची तिथे दिलेली आहे, धरणाच्या पाण्याकाठी, तिचं बाळंतपण झालं होतं. खानवेलवरून जीपने जावं लागतं. तिथे काठावर काय झालं ते तिने मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं, आणि तेही अर्धंमुर्धं. बाकीचं मला नवनाथकडून कळलं.

सकाळी ती पाण्याकाठी गेली होती. एक माणूस होडीतून जाळं काढत होता. दाढी वाढलेली, अंगात गंजीफ्राक. त्याने मान वर केली.

"सलाम मावशी," तो म्हणाला. सवयीने निघून गेलं तोंडातून.

सरुबाई वाळूतच बसली. बसली आणि रडली. नवनाथ उभाच. मासेवाल्याकडे राबत होता, होडीतच झोपत होता.

"मला घेऊन जायला आला असाल तर मी येणार नाही," तो म्हणाला. "तिथे प्रत्येक माणसाला माझं पुलाखालचं बसणं माहीत आहे. मी कुठल्या तोंडाने फिरू?"

"तुझ्या तोंडाला काय झालंय? माझं काळं झालंय."

"मनीषाला सांगू नका. कोणालाच सांगू नका. थोडं जमलं की मी येईन."

आता बघा, कसा पेच. हीच बातमी घेऊन सायलीत आली असती तर त्याच दिवशी तिची लाज धुतली गेली असती. हरवलेला नवरा शोधून काढला म्हणून लोकांनी डोक्यावर घेतली असती. आणि पुन्हा एकदा नवनाथचं गुपित तिच्याच तोंडातून बाहेर पडलं असतं.

ती म्हणाली, "बाबा, तुझी बायको दर मंगळवारी सिव्हिल हॉस्पिटलात जाऊन विचारते, बेवारस कोणी आलाय का म्हणून. मी नाही सांगणार कोणाला. पण तिच्यासाठी एक वाक्य मला दे. तू सांगशील तेवढंच नेईन. वर एक अक्षर घालणार नाही."

नवनाथने जाळ्यात अडकलेला एक मासा सोडवला. मग म्हणाला, "सांगा, जिवंत आहे. नाताळला येतो."

ते वाक्य घेऊन ती जीपमध्ये बसली. जीपमध्ये आमच्याच चाळीतली दोन माणसं भेटली. नळावर अलका भेटली. घरी नथूभाऊने विचारलं, भाची कशी आहे. सगळ्यांना सांगितलं, बाळ गोरं आहे. एवढंच. तोंडातला पदर ओला झाला होता.

मग मनीषाचं दार. शुक्रवार नव्हता, म्हणून मनीषाने दार उघडलं. सरुबाई आत गेली, दार लोटलं, आणि अगदी कानाशी म्हणाली, "तो जिवंत आहे. नाताळला येतो. एवढंच सांगायला सांगितलंय."

मनीषाला काही वाटणार नाही का? वाटलं ना.  मग तिने सरुबाईचा हात धरला.

"कुठे आहे? मावशी, कुठे भेटला?"

"ते तो सांगेल."

"मला सांगा! मी बायको आहे त्याची!"

"मी त्याला शब्द दिलाय, बेटा."

मनीषाने हात सोडला. आता ती ओरडली, आणि ते ओरडणं मी माझ्या खोलीत बसून ऐकलं, रांगेच्या दुसऱ्या टोकाला. "आता? आता आली का तुम्हाला जीभ आवरायची अक्कल? सगळ्या जगाला सांगताना नाही आली, आणि माझ्यासमोर आली? निघा इथून!"

सरुबाई निघाली. तिचं तोंड मी पाहिलं. लाजेने माणूस लहान होतं म्हणतात, ती खरंच लहान झालेली दिसत होती, नऊवारीत गुंडाळलेल्या पोरीसारखी. मी विचारलं, "काय झालं गं?" तिने मान हलवली आणि आत गेली. त्या दिवशी भिंतीपलीकडे ती प्रार्थना करत असणार, पण शब्द एकही आला नाही. माझा कान होता, तरी आला नाही.

नवनाथ नाताळच्या आदल्या संध्याकाळी आला. दाढी काढलेली, हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेला मोठा मासा. आम्ही सगळे बाहेर आलो आणि कोणालाच काय बोलावं कळेना. आमच्यासारख्या बोलघेवड्या लोकांची ही गत. शेवटी नथूभाऊ म्हणाला, "मासा मोठा आहे," आणि सगळे मासा बघायला लागले.

हे लिहायच्या आधी मी मनीषाला विचारलं. माझ्या तोंडून पुन्हा त्याचं पुलाखालचं बसणं बाहेर पडायला नको. ती म्हणाली, "लिहा आजी. पण पळाला असं लिहू नका. गेला होता असं लिहा." म्हणून तसं लिहिलं आहे.

जानेवारीतल्या प्रभुभोजनाला दोघं नवराबायको आली. पुरुषांच्या बाजूला तो, आमच्या बाजूला ती, सरुबाईच्या पुढच्याच ओळीत. कोणी कोणाशी बोललं नव्हतं. मनीषा सरुबाईच्या दारावरून जायची तर नजर समोर ठेवून. ताट मनीषाकडे आलं. तिने भाकरीचा तुकडा घेतला आणि ताट मागे दिलं. सरुबाईने नेहमीसारखं हाताने पुढे सारलं.

मनीषाने वळून बघितलं. ताट परत आपल्या हातात घेतलं आणि तिच्यासमोर धरलं. सरुबाई मान खाली घालून बसलेली. ताट तसंच. सुकदेवभाऊ पुढे थांबले, सगळी शेड थांबली.

"घ्या मावशी," मनीषा म्हणाली. "लोक खोळंबलेत."

माफ केलं असं काही ती म्हणाली नाही. सरुबाईने तुकडा उचलला.   तिने तो तोंडात ठेवला आणि चावला नाही, तसाच जिभेवर विरघळू दिला.

त्यानंतर ती सभेत कधीतरी प्रार्थना करायची, पण दोन वाक्यांची, आणि त्यात कोणाचं नाव नसायचं. "बापा, ज्याला त्याला काय हवं ते तुला माहीत आहे." नवीन आलेल्यांना वाटायचं, ह्या बाईला बोलता येत नाही.

मागच्या वर्षी तिला दम लागायला लागला. डॉक्टर म्हणाले हृदय मोठं झालंय. नथूभाऊ म्हणाला, आधी जीभ मोठी होती, आता हे. ती हसली. डॉक्टरांनी चालू नका सांगितलं, तरी शुक्रवारी निघायचीच. एका शुक्रवारी ती फिरून आली आणि संध्याकाळी सभेच्या आधी जरा पडते म्हणाली, ती उठली नाही. आज मी त्याच शुक्रवारचं सांगते.

त्या दिवशी सभा पहिल्यांदाच मनीषाच्या खोलीत होती. मनीषाने स्वतः सुकदेवभाऊंना सांगितलं होतं. मी दारात तांदूळ निवडत बसले होते, म्हणून मला सगळी रांग दिसत होती. सरुबाई दातात पदर धरून निघाली. एकेक दार केलं. दम लागला की भिंतीला हात टेकायची. शेवटच्या खोलीशी आली तेव्हा मनीषा दारातच झाडत होती. मला वाटलं, आता तरी काही बोलेल. जिच्या घरी सभा तिलाच काय सांगायचं?

सरुबाईने पदर सोडला. "आज मनीषाकडे, सातला," ती मनीषाला म्हणाली.

मनीषाने झाडू खाली ठेवला. तिने काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. मग सरुबाई परत फिरली, हळूहळू माझ्याकडे आली. माझं दार नेहमी शेवटी, कारण ते तिच्या दाराला लागून.

"आज मनीषाकडे, सातला."

"माहीत आहे गं बाई," मी म्हटलं. "ती काय म्हणाली तुला? तोंड कसं होतं तिचं?"

सरुबाई माझ्याकडे बघून हसली. खूप दिवसांनी तिचे सगळे दात दिसले.

"सातला ये आणि बघ," ती म्हणाली, आणि पदराचं टोक दातात धरून आपल्या दाराकडे वळली.